लिंडिस्फार्नचे साधू आणि काकीचं तेल

नॉर्थम्ब्रियाच्या राजाने आपल्या बेटावरच्या साधूंना फसवलं. आमच्या गावच्या देवस्थान कमिटीच्या अध्यक्षाने माझ्या चुलतीला फसवलं. पहिल्या फसवणुकीला बाराशे वर्षं होऊन गेली, दुसरीला अजून वर्षही झालेलं नाही. लबाडी मात्र एकाच जातीची आहे, आणि ती ओळखायला मला पुस्तकं लागली नाहीत. सांगलीच्या हळद बाजारात मी हमाल म्हणून शिरलो आणि आज अडत्या म्हणून बसतो. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून सौदे ठरायचे त्या काळात मी माणसं वाचायला शिकलो. माझा आवाज मोठा आहे आणि डोकं लवकर तापतं, हे बाजारात कुणीही सांगेल. पण कारण नसताना तापलं, असं कुणी सांगणार नाही.

माझी मुलगी न्यूकॅसलला नोकरी करते. इंग्लंडचा नकाशा उघडला तर अगदी वर, स्कॉटलंड लागायच्या थोडं आधी. तो सगळा मुलूख एके काळी वेगळं राज्य होता, नॉर्थम्ब्रिया नावाचं, हे मला तिथं जाईपर्यंत माहीत नव्हतं. इंग्रजांचा इतिहास म्हणजे त्यांनी आपल्याला लुटलं, एवढंच मला ठाऊक. त्यांनाही कुणी लुटलं होतं हे कळल्यावर, खरं सांगतो, आधी मला बरंच वाटलं.

"बाबा, उद्या बेटावर जाऊ," मुलगी म्हणाली. "पण लवकर परत यायचं. रस्ता बुडतो."

"कशानं बुडतो? पाऊस तर नाही."

"भरती येते. रस्ता समुद्राखाली जातो. वेळ ठरलेली असते."

"अर्धा तास इकडंतिकडं चालत असेल की."

"समुद्राशी घासाघीस होत नाही बाबा," ती म्हणाली आणि जावयाकडे बघून हसली.

बेटाचं नाव लिंडिस्फार्न. सपाट जमीन, गवत, मेंढ्या, आणि कानाला झोंबणारा वारा. मधोमध मठाचे पडके लाल खांब. शेजारी लहानसं संग्रहालय, आणि तिथं माहिती सांगायला एक निवृत्त शाळामास्तर, उंच, गालांनी लाल, डोक्याला लोकरीची टोपी. पगार घेत नव्हते, हौसेने येत होते. मुलगी मध्ये उभी राहून दोन्हीकडचं बोलणं इकडून तिकडे करत होती.

काचेमागे एक दगड होता. लहान पाटाएवढा, वरून गोल. एका अंगावर सात माणसं एका ओळीने निघालेली. सगळ्यांचे हात वर, हातांत तलवारी आणि कुऱ्हाडी. दुसऱ्या अंगावर मध्ये क्रूस, आणि क्रुसाच्या दोन्ही बाजूंना काहीतरी गोल कोरलेलं. मी वाकून पाहिलं. सूर्य आणि चंद्र होते.

"अगं, हा तर आपला वीर आहे," मी मोठ्याने म्हणालो. बाजूच्या दोन बायका दचकल्या.

आमचं गाव वाई तालुक्यात. भैरवनाथाच्या देवळाबाहेर, रस्त्याच्या कडेला, एक वीरगळ उभी होती. गावात कुणी वीरगळ म्हणत नाही, वीर म्हणतात. दगडाच्या तळाला गाई, आणि गाईंच्या पायाशी पडलेला माणूस. त्याच्यावरच्या चौकटीत तोच माणूस जिवंत असताना लढतोय. त्याहून वर अप्सरा त्याला उचलून नेतायत. सगळ्यात वर पिंड, आणि तिच्या दोन्ही अंगांना सूर्य, चंद्र. ते असेतोवर याचं नाव राहील, असा त्याचा अर्थ. नाव मात्र कुणाला ठाऊक नाही. कुणीतरी गावाची जनावरं पळवायला आलं, हा आडवा गेला आणि मेला, इतकंच राहिलं. आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत. सुट्टी संपवून निघालेला पोरगा आधी वीराला हात लावतो आणि मग एसटी धरतो. आणि त्या दगडाला रोज तेल लावायचं काम आमच्या घरचं. लग्न होऊन आल्यापासून माझी चुलती ते करत होती.

मी हे सगळं मास्तरांना ऐकवलं. त्यांनी टोपी काढली, परत घातली आणि मग त्यांच्या दगडाची गोष्ट सांगितली.

मठ राजाने दिलेल्या जमिनीवर होता. साधू तिथं शेती करायचे, जनावरं पाळायचे, आणि कातड्यावर इतकी देखणी पुस्तकं लिहायचे की लोक लांबून बघायला यायचे. एका उन्हाळ्यात समुद्रातून होड्या आल्या. व्हायकिंग लोक, उत्तरेकडचे दर्यावर्दी. समुद्राकडून कुणी अंगावर येईल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. त्यांनी साधू कापले, काहींना बुडवलं, काहींना बांधून गुलाम म्हणून नेलं. देवाच्या वेदीवरचं सोनं-रुपं उचललं, गाई मारल्या. हा दगड त्यानंतरच्या काळातला. काही जाणकारांच्या मते ती सात माणसं म्हणजे तेच लुटारू, काहींच्या मते जगबुडीच्या दिवसाचं चित्र.

"त्या साधूंना दोन्ही एकच," मी म्हणालो. मुलीने सांगितलं. मास्तरांनी मान हलवली.

"राजा कुठं होता?" मी विचारलं.

मास्तर आम्हाला बाहेर घेऊन गेले आणि पाण्यापलीकडे बोट दाखवलं. किनाऱ्यावर काळा खडक, खडकावर किल्ला. आज दिसतो तो किल्ला नंतरचा आहे, ते म्हणाले, पण राजाचा गड त्याच खडकावर होता.

"इतक्या जवळ?"

"इतक्या जवळ."

"मग धूर दिसला असेल की!"

"दिसला असेल. पण त्या दिवशी राजा गडावर होता की नाही, कोणालाच माहीत नाही." त्या काळात नॉर्थम्ब्रियाची राजघराणी एकमेकांचे गळे कापण्यात गुंतली होती, असं मास्तर म्हणाले. गादीवरचा राजा सुद्धा एकदा हाकलला गेला होता आणि माणसं मारून परत आला होता. त्याचं सगळं लक्ष आपल्याच पाठीमागे. समुद्राकडे बघणार कोण?

"साधूंना जमीन कशाच्या बदल्यात दिली होती?"

मुलगी कुजबुजली, "बाबा, भांडू नका."

"मी विचारतोय फक्त."

"तुमचं विचारणं असंच असतं."

पण तिने विचारलं. राजासाठी आणि राज्यासाठी प्रार्थना करायच्या बदल्यात, मास्तर म्हणाले. म्हणजे सौदा होता. साधूंनी आपली बाजू पाळली, पहाटे उठून राजाच्या नावाने देवाला विनवलं. राजाने आपली पाळली नाही. बाजारात याला एकच शब्द आहे आणि तो मी पहिल्या ओळीत लिहिलाय.

यापुढे मास्तरांनी जे सांगितलं त्याने मात्र माझं डोकं खरोखर तापलं. त्याच मुलखातला एक मोठा विद्वान तेव्हा परदेशात, एका बलाढ्य राजाच्या पदरी होता. बातमी कळल्यावर तो फार हळहळला आणि त्याने पत्रं पाठवली. वाचलेल्या साधूंना त्याने लिहिलं, की हे काही उगीच झालेलं नाही, तुमच्या हातून काही पाप घडलं असेल तर बघा. दारू सोडा, भारी कपडे सोडा. राजालाही उपदेश केला. म्हणे तुम्ही लोक दाढी आणि केस त्या लुटारूंसारखे राखता.

"दाढीनं होड्या आल्या?" मी ओरडलो. एक मेंढी सुद्धा वळून बघायला लागली. "ज्यांची माणसं मेली त्यांनाच वर विचारायचं, तुम्ही काय पाप केलंत?"

मास्तर रागावले नाहीत. तो माणूसही घाबरला होता, ते म्हणाले. घाबरलेल्या माणसाला कारण लागतं, आणि जवळचं कारण सोयीचं असतं. मला ते पटलं नाही, पण मास्तर मला आवडले.

त्यांनी पुढचंही सांगितलं. लुटारू परत येत राहिले. नंतर तर मोठं सैन्यच आलं आणि त्यांनी यॉर्क शहर घेतलं. तेव्हा नॉर्थम्ब्रियाला दोन राजे होते आणि ते आपसात लढत होते. शहर गेल्यावर दोघं एकत्र आले, चालून गेले, आणि दोघंही मेले. शेवटी बेटावरच्या साधूंनी मठ सोडला. त्यांचा एक थोर संत पूर्वी वारला होता. त्याची शवपेटी त्यांनी सोबत घेतली आणि वर्षानुवर्षं रानोमाळ फिरले. आज ती डरहॅमच्या मोठ्या देवळात आहे. आणि लुटारूंचं काय झालं? त्यांनी जमिनी वाटून घेतल्या, नांगर धरले, तिथल्याच मुलींशी लग्नं केली. यॉर्कच्या आसपासच्या कितीतरी गावांची नावं अजून त्यांच्या भाषेतली आहेत.

"तुम्ही कुणाचे? साधूंच्या बाजूचे की होड्यांच्या?"

मास्तर हसले. "दोघांचा असणार. इथं सगळे दोघांचेच."

तेवढ्यात मुलीने घड्याळ दाखवलं. पाणी चढायला लागलं होतं.

परत आल्यावर सांगलीला बाजारात एक चक्कर मारली आणि लगेच गाव गाठलं. मोबाइलमध्ये बेटावरच्या त्या दगडाचा फोटो होता, तो काकीला दाखवायचा होता. देवळापुढे रिक्षातून उतरलो तर वीराच्या जागी पेव्हिंग ब्लॉक. लाल-करडे, नवेकोरे. देवळात मार्बल चकाकत होतं.

काकी ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. नेहमी मला बघून उठते, त्या दिवशी उठली नाही.

"काकी, वीर कुठाय?"

"गेला."

"कुठं गेला?"

"किष्णेत सोडला. फुटला व्हता. फुटका देव दारात ठिऊ न्हाई म्हणत्यात."

"फुटला कशानं?"

तिने सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला. "माज्या तेलानं," ती म्हणाली.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. रस्त्याच्या काँक्रीटसाठी जेसीबीने वीर उचलून बाजूला ठेवला. दुसऱ्या दिवशी बघतात तर आडवी भेग. लोक जमले. कमिटीचा अध्यक्ष पारावर उभा राहिला आणि म्हणाला, इतकी वर्षं तेल मुरून दगड आतून कुजलाय, तो हलवला नसता तरी फुटलाच असता. खंडित मूर्ती ठेवायची नसते, मी वाईला नेऊन रीतसर विसर्जन करतो. सगळ्यांना पटलं. खंडित म्हटलं की आमच्याकडे कुणी पुढं काही विचारत नाही. हात जोडतात आणि वाट मोकळी करतात.

"मला तोंडावर कोन काय म्हनलं न्हाई," काकी म्हणाली. "पर हळदीकुंकवाला बोलावनं आलं न्हाई. परवा शेजारचा पोरगा सुट्टी संपवून निगाला. त्याची आय त्या जागंवर थांबली आन् माज्या दाराकडं बघत ऱ्हायली. मी आत गेले."

ऐंशीच्या पुढची बाई. ज्या दगडाला जन्मभर हात लावला तो आपण फोडला, असं मनात धरून बसली होती. देवळात जायचं तिने सोडलं होतं. दगड गेला ते एक वेळ सोसलं असतं. ही गोष्ट मला सोसेना.

मी तिला फोटो दाखवला. तिने पडद्याला हात लावून कपाळाला लावला. मग मी तिला बेटाची सगळी गोष्ट सांगितली. पत्राचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "लिहिनारा शिकल्याला असंल ना?"

"लय."

"मग त्याला कळाय नको व्हय?"

साधू देव खांद्यावर घेऊन फिरले हे सांगितल्यावर तिने सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "त्येंचं बरं रं. त्येंच्याकडं उचलाया काय तर व्हतं."

हिवाळ्यात, स्ट्रॉबेरीचा हंगाम भरात असताना, एका गिऱ्हाइकाबरोबर महाबळेश्वरला गेलो. येताना तो म्हणाला, इथं एक नवीन हॉटेल आहे, जेवू. फाटकातून आत शिरलो. समोर कारंजं, कारंज्याच्या मध्ये गाई, पडलेला माणूस, अप्सरा, पिंड. आमचा वीर. आडव्या भेगेत सिमेंट भरलेलं. रंगीत दिवे.

जेवण राहिलं. मी मालकाला बाहेर बोलावलं. चाळिशीचा, गोड बोलणारा माणूस.

"हा आमच्या गावच्या देवळापुढचा दगड, कृष्णेत सोडलाय," मी म्हणालो.

"काका, बसा ना आधी."

"बसत नाही. हा कृष्णेत आहे. इथं कसा आला?"

"तुमच्या अध्यक्षांनीच टेम्पोत घालून दिला. मी देवळाला मार्बल दिलं, ते म्हणाले हा पडूनच आहे, घेऊन जा. लोकांना विसर्जन केलं म्हणून सांगतो." मग जरा हसून म्हणाला, "तसा पाण्यातच आहे की काका."

त्या वाक्यावर माझा हात उठला होता. गिऱ्हाइकाने धरला. माझा आवाज ऐकून हॉटेलातले पाहुणे खिडक्यांत आले. पण मालक पळाला नाही, हे मी त्याच्या बाजूने लिहितो. तो म्हणाला, "मी हा टाकून दिलेला म्हणून घेतला. कुणाचा आहे हे मला कुणी सांगितलं नाही. गावाने मागितला तर परत देतो, फक्त कमिटीने तसं म्हणावं."

दोन दिवसांनी मी काकीला गाडीत घालून घाट चढलो. येत नाही म्हणत होती. म्हटलं, तुझ्या देवाला बघायचं नाही का? तेव्हा बसली.

मालकाने कारंजं बंद केलं. काकी पदर खोचून त्या उथळ पाण्यात उतरली आणि दगडापुढे उभी राहिली. आधी म्हणाली, "बुडला न्हाई रं." दोनदा म्हणाली. मग तिने नेहमीप्रमाणे वरून हात फिरवायला सुरुवात केली. सूर्य, चंद्र, पिंड, अप्सरा. तेल लावणारा हात त्याच वाटेने जातो, त्याला डोळे लागत नाहीत. भेगेजवळ तो थांबला. डाव्या कडेला गेला, परत आला.

"हितं ये," ती मला म्हणाली. "हे काय हाय?"

भेग जिथून सुरू होत होती तिथं, कडेला, तीन ओरखडे होते. एकसारखे, सरळ, खोल. बाकीचा दगड पिढ्यान्‌पिढ्यांच्या तेलाने काळाभोर, आणि तेवढेच तीन पांढरे. जेसीबीच्या बकेटला पुढे लोखंडी दात असतात. ते बघितलेल्या कुणालाही कळलं असतं.

"हे माज्या हाताचं न्हाई," काकी म्हणाली.

तिने सोबत छोटी बाटली आणली होती. ती मात्र उघडली नाही. मालक म्हणाला, घाला आजी, काही हरकत नाही. ती म्हणाली, "दुसऱ्याच्या दारात नगं." परतीच्या वाटेवर ती खिडकीबाहेर बघत होती. वाई आल्यावर एकच बोलली, "दगूड ऱ्हाऊ दे तितं. पर मी फोडला न्हाई म्हनून कुनी सांगंल का?"

त्याच संध्याकाळी मी पारावर गेलो. अध्यक्ष चार माणसांत बसला होता. आम्ही एका वर्गात होतो.

"ये गड्या," तो म्हणाला. "बघितलंस का मार्बल?"

"मार्बलचं विचारत न्हाई. जेसीबी कुणाचा व्हता?"

"गावाचं काम व्हतं."

"जेसीबी कुणाचा?"

"माझाच. मग?"

"त्येच्या दातांचे वण दगडावर हायत. आत्ता बघून आलो. म्हातारी बी बघून आली."

तो जरा हलला. मग हसला. "आरं, झालं ते झालं. दगडापायी कशाला तोंड वाईट करतोस? आन् विसर्जन झाल्याला देव परत आणायचा नसतो."

"कारंज्यात विसर्जन?"

चौघांतला एक जण खाली बघायला लागला. त्याला माहीत होतं. मला वाटतं, बऱ्याच जणांना माहीत होतं.

"आन् तेलानं कुजला म्हणालास ते?" मी विचारलं.

"मी म्हणलो व्हतो व्हय?" तो म्हणाला. "कोण काय म्हणलं, कुणाला आठवतंय?"

मला आठवतंय. मी तिथं नव्हतो, पण जे होते त्यांच्या प्रत्येकाच्या घरी मी गेलो, आणि प्रत्येकाने मला तेच शब्द सांगितले. अध्यक्ष, त्या शब्दांवर तुमचा जेसीबी सुटला आणि एक बाई अडकली. तिने आजही देवळाची पायरी चढलेली नाही.

दगडाचं नंतर बघू. तो आणायचा की नाही, गाव ठरवेल. हे मी छापून देतोय ते दुसऱ्या गोष्टीसाठी. अध्यक्ष, ज्या पारावर उभे राहून तुम्ही तेलाचं नाव घेतलंत, त्याच पारावर या. तीच माणसं बोलवा. काकीला मी हाताला धरून आणतो. आणि तिच्या डोळ्यांत बघून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा, वीर कुणी फोडला?